छाट

सूप मांडीवर घेतलं की
मला बोटांकडे बघावं लागत नाही.
पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा,
नखाला बांधलेल्या पत्र्यानं तोंड मिटवायचं,
दिवसाला आठशे.
पाहुणा आला नाही तर हजार.

याचा बाप यंत्रमागावर
तुटलेला धागा न बघता जोडतो,
बोलता बोलता, कधी पेंगता पेंगता.

आणि अंबादास, चार पुरी झालेला,
आजोबांचं नाव लावलेला आमचा अंबू,
चड्डीचं एक बटण घेऊन दारात उभा.
खडू दिला तर मुठीत धरतो, खुंटा धरावा तसा.
मी म्हणायची, आळशी आहे.
चारचौघांत म्हणायची.

अंगणवाडीच्या कोळशेट्टी बाई आल्या एकदा.
आत या म्हटलं तरी उंबऱ्यावरच टेकल्या.
म्हणाल्या, बोटांच्या आधी खांदा असतो, लक्ष्मीबाई,
खांद्याच्या आधी पाठ, पोट.
आधी लोळू दे, चढू दे, लोंबकळू दे.
भिंत ढकलायला लावा.
बादली उचलू दे, अर्धी भरून.
पेन्सिलीची घाई कोणाला आहे?

तेव्हा मी सांगितलं.
त्यांनी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं,
की रांगायला लागला तेव्हापासून दोन वर्षांचा होईतो
जुन्या साडीनं खाटेच्या पायाला बांधून ठेवायची त्याला,
तंबाखूत हात घालू नये म्हणून,
हजार भरावेत म्हणून.
बाई काहीच बोलल्या नाहीत.
सुपातलं एक पान उचललं आणि परत ठेवलं.

मग आमच्या विडी घरकुलात
लोकांना बघायला करमणूक झाली.
अंबू शेजारच्या बांधकामाच्या वाळूवर चढतोय, घसरतोय,
अंबू भिंतीला रेटा देतोय
आणि बाप मागनं ओरडतोय, सरकली, सरकली!
ज्वारीच्या पिठाचा गोळा दिला,
त्यानं भाकरी थापली तळहाताएवढी,
ती मी तव्यावर टाकली, करपली, त्यानं खाल्ली.
तांब्यातनं पेल्यात पाणी ओतताना
निम्मं फरशीवर.
मे महिना, बरंच झालं, फरशी गार.
शेंगा फोडायला बसवला तर
दाणे सतरा, टरफलांसकट.
गुंडलांच्या सुनेकडे चादरीच्या दशा वळायला येतात,
तिनं एक खराब टॉवेल दिला, म्हणाली,
याच्या दशांना गाठी मारत बस.
मारल्या. सोडवायला मलाच लागल्या.

एका संध्याकाळी मी चूल पेटवून आले
तर अंबू सुपाशी.
अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं,
तीन बोटांची नेमकी चिमूट.
बाई ज्याची वाट बघा म्हणाल्या होत्या, तीच.
त्या चिमटीत पान, पानात तंबाखू,
आणि वळण,
देवा, वळण बरोबर होतं.

त्याच दिवशी कारखान्यात चेकरनं
माझ्या चाळीस विड्या मोडल्या होत्या.
छाट, म्हणाला, मान वर न करता.
मी अंबूच्या हातातली ती विडी ओढली,
मोडली, चुरगाळली,
तोंडातनं तोच शब्द गेला.
त्याचे हात पंपावर धुतले, साबणानं, दोनदा, तीनदा.
तो रडला नाही. हाताकडे बघत राहिला,
काय चुकलं ते शोधत.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, चिमूट जमली.
कशावर, ते सांगितलं नाही.

आज सकाळपासनं तो दारात बसलाय,
नवा सदरा, पाच बटणं.
पहिलं लागलंय, पण दुसऱ्याच्या काजात.
बाकीची आता सगळी एकेक घर चुकणार,
मला दिसतंय.
सूप बाजूला ठेवलंय.
दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेय मी,
ते आपोआप पुढे जातात म्हणून.
तिसरं.
जीभ बाहेर काढून
चौथ्याला लागलाय.